उबेची बग्गी

बाई माणसाचं तोंड नंतर बघायच्या, आधी घोटे बघायच्या. डिसेंबर लागला की आमच्या कॉलनीच्या फाटकात कोणीही उतरो, प्लॉट बघायला आलेला सुटाबुटातला साहेब असो की सिलिंडर पोचवणारा, बाईंची नजर थेट खाली जायची. पॅन्ट आणि बूट यांच्यामध्ये बोटभर कातडी दिसली तरी त्या च्च करायच्या आणि म्हणायच्या, "दार उघडं टाकून आलात." साहेब बिचारा मागे वळून आपल्या गाडीचं दार बघायचा.

ही कॉलनी म्हणजे वांगणीच्या पुढे, नदीच्या अंगाला एका बिल्डरने पाडलेली शेतघरं. शनिवार-रविवारी मालक येणार, एरवी म्हातारी माणसं आणि कुत्री राहणार. मी तिथल्या ऑफिसात तीन हिवाळे काढले. अंबरनाथहून स्कूटीवर जायचे. बदलापूर सुटलं की दोन्ही बाजूंच्या शेतांतून धुकं रस्त्यावर यायचं आणि हँडलवरची माझी बोटं माझी राहायची नाहीत. दरवर्षी पेपरात यायचं की बदलापूरचा पारा साऱ्या मुंबईपेक्षा खाली उतरला. आमच्याकडचे लोक ते वाचून असे खूश व्हायचे, जसं काही पोरगं बोर्डात आलंय. मी मात्र त्या पाऱ्याला रोज सकाळी शिव्या घालायचे.

बाई या कॉलनीच्या सेक्रेटरी. त्यांना निवडलं कुणी, हे कुणालाच आठवत नव्हतं. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये त्यांनी तीसेक वर्षं जीन्स शिवायचा कारखाना चालवला. तो बंद करून त्यांनी इथे दोन खोल्यांचं घर घेतलं आणि सामान उतरायच्या आत वॉचमनला झापलं. त्या दिवसापासून कारभार त्यांच्याकडेच होता. कारखान्यातले कारागीर त्यांना बाई म्हणायचे, म्हणून आम्हीही बाईच म्हणायचो.

आणि बग्गी. कागदोपत्री ती गोल्फ कार्ट होती. बिल्डरने प्लॉट दाखवायला आणली, कारण त्याच्या जाहिरातीतल्या चित्रात हिरवळ होती आणि हिरवळीवर तशी गाडी होती. खरं तर आमच्या पंचक्रोशीत गोल्फ कुणी पाहिलेला नव्हता. प्लॉट खपले, बिल्डरने पाठ फिरवली आणि बग्गी फाटकापाशी धूळ खात पडली. बाईंनी चावी मागितली नाही, घेतली. पुढे दोन माणसांचं बाकडं, मागे सामान ठेवायचा कप्पा, त्याच्याखाली उभं राहायला एक पायरी आणि वर छप्पर, बाकी चारी बाजू मोकळ्या. उन्हाळ्यात मजा होती, पण हिवाळ्यात त्या रेक्झिनवर बसणं म्हणजे बर्फाच्या लादीवर बसून पंखा लावून घेणं होतं. पहिल्या थंडीत एक आजोबा त्यात बसून नदीपर्यंत गेले आणि आठवडाभर अंथरुणाला खिळले. बाईंना तो आपला अपमान वाटला.

थंडीला त्या 'ती' म्हणायच्या, चाळीतल्या एखाद्या आगाऊ शेजारणीबद्दल बोलावं तसं. "आज ती नदीवरून आलीय." "काल तिने माझ्या मानेत हात घातला." त्यांचं म्हणणं असं की थंडी भित्री असते, ती कधी समोरून येत नाही. घोटा, मनगट, मान, कंबरेची फट, जिथे माणूस बेसावध तिथे ती शिरते. म्हणून शालीवर त्यांचा भयंकर राग. "शाल दिखाव्याची. सारखी पडते, सारखी सावरायची, आणि दर वेळी सावरताना ही आत." त्या स्वतः सुती साडीवर पुरुषी बिनबाह्यांचा स्वेटर घालायच्या, पायात कॅनव्हासचे बूट, आत दोन-दोन मोजे. त्या अवतारात त्या लग्नालाही गेल्याचं मी पाहिलंय, आणि नवरीच्या आईने त्यांना पहिल्या रांगेत बसवलं.

बग्गीला त्यांनी चारी बाजूंनी पडदे शिवले. खाली जीन्सचं जाड कापड, वर पारदर्शक प्लास्टिक, आणि मध्ये जीन्सच्या चेन, कारखान्यातून उरलेल्या, पितळी. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या चेन गच्च लावल्या, मला शेजारी बसवलं आणि गाडी सोडली. पन्नास पावलं गेलो असू, आमच्या श्वासाने समोरचं प्लास्टिक दुधासारखं पांढरं झालं. बाई काही थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. गाडी सरळ वॉचमनच्या केबिनसमोरच्या कुंड्यांत घुसली. तीन कुंड्या फुटल्या. बाई उतरल्या, कुंड्यांकडे बघून म्हणाल्या, "इथे कुणी ठेवल्या?" त्यांनीच ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पडद्यांच्या वरच्या कडेला दोन बोटं फट आली. "श्वासाला जायला वाट पाहिजे. त्याला कोंडलं की तो डोळ्यांवर येतो."

मग बाकड्यावर गोधडी आली, पायाशी लाकडी खोका आला आणि खोक्यात भाताचा पेंढा. फाटकाबाहेरच्या वाडीतली हिरा तो पेंढा आणून द्यायची. पण सगळ्यांत भारी होती ती पायपिशवी. रिजेक्ट झालेल्या जीन्सचे दोन्ही पाय कापून, जोडून एक रुंद पिशवी करून, खालचं तोंड शिवून, आत जुन्या ब्लँकेटचं अस्तर. बसलात की दोन्ही पाय त्यात घालायचे आणि पेंढ्यात खुपसायचे. डोंबिवलीहून आलेल्या बायका आधी खो-खो हसायच्या. नदीपर्यंत जाऊन परत येईस्तोवर त्यांचं हसू थांबलेलं असायचं आणि उतरायची वेळ आली की त्या म्हणायच्या, अजून एक चक्कर होईल का?

एक रिटायर्ड बँकवाले होते, स्वभावाने उत्साही. ते एका सकाळी कोळशाची पेटती शेगडी घेऊन आले, म्हणाले, "बाई, ही मध्ये ठेवू, पडदे लावू, बघा कशी भट्टी होते." बाईंनी शेगडी त्यांच्या हातून घेतली, रस्त्यावर ठेवली आणि तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं. "बंद जागेत कोळसा? सगळ्यांना झोपवायचंय का, कायमचं?" बँकवाले महिनाभर बोलले नाहीत. नंतर एकदा तेच दोन्ही पाय एका पायपिशवीत घालून बग्गीत बसलेले दिसले, चेहरा असा की आपण इथे नाहीच. गाडीत बसवायचा हीटर विकायला आलेल्या पोराला तर बाईंनी इतकंच विचारलं, "बॅटरी हवा तापवण्यात संपली की ढकलायला तू येणार का?" तो चहा पिऊन गेला.

मग त्यांच्या गाडीत ऊब यायची कुठून? माणसाच्या अंगातूनच, असं त्या म्हणायच्या. ती फक्त बाहेर जाऊ द्यायची नाही. वर थोडी मदत म्हणून खडेमीठ. सकाळी लोखंडी कढईत खडेमीठ तडतडेपर्यंत भाजायचं, जाड कापडाच्या पुरचुंडीत बांधायचं आणि बसणाऱ्याच्या मांडीवर ठेवायचं. गाडी त्या कधी माणसाच्या चालीपेक्षा जोरात पळवायच्या नाहीत. "वारा आपणच तयार करतो," त्या म्हणायच्या. मागून कुणाच्या कारने हॉर्न दिला तर मुद्दाम आणखी हळू.

माझी पहिली फेरी मला विसरता येत नाही. दातावर दात आपटत मी फाटकात स्कूटी लावली. बाईंनी काही न विचारता मला दंडाला धरून बग्गीत बसवलं, पाय पिशवीत कोंबले, पुरचुंडी दिली आणि गाडी सोडली. आंब्यांच्या रांगेपाशी आलो तेव्हा त्यांनी हात मागे नेऊन आपला तळवा माझ्या मानेवर ठेवला, तापलेलं पोर बघावं तसा, आणि म्हणाल्या, "आली का ऊब?" मला एकदम रडूच आलं. तू पोचलीस का, हे मला दिवसातून दहा जण विचारायचे. तू गारठलीस का, हे आई गेल्यापासून कुणी विचारलं नव्हतं. बाईंनी माझ्या रडण्याकडे लक्ष दिलं नाही. म्हणाल्या, "आली म्हणजे." त्या दिवसापासून मला या बाईचा अचंबा वाटत आला आहे, तो अजून ओसरलेला नाही.

पण तो खरा अचंबा दादांमुळे.

कॉलनीच्या टोकाला, शेवटच्या घरात एक सिंधी गृहस्थ राहायचे. सिंधी लोक वडीलधाऱ्याला दादा म्हणतात, म्हणून सगळ्यांचे दादा. बाई मात्र त्यांना शेठ म्हणायच्या, कारण कॅम्प चारमध्ये त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि बाईंचं सगळं कापड तिथून यायचं. "हा माणूस मला तीस वर्षं सांगत आला, बाई, रंग नहीं छोड़ेगा. आणि कापडाने दर वेळी रंग सोडला," असं त्या त्यांच्या तोंडावर सांगायच्या. दादांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. तीन भाषांत गिऱ्हाईक गुंडाळणाऱ्या माणसापाशी 'हां' आणि 'ना' एवढे दोन शब्द उरले. बायको आधीच गेलेली. मुलगा ठाण्यात मोठ्या नोकरीत. त्याने वडिलांना मोकळ्या हवेसाठी इथे ठेवलं आणि काळजी घ्यायला हिराला लावलं. थंडी सुरू झाली तशी त्याने ताकीद दिली, पापांना बाहेर काढायचं नाही, सर्दी छातीत उतरली तर संपलं.

त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. पण दादा जेवेनासे झाले. हिरा ऑफिसात येऊन सांगायची, "आजा खिडकीला बसतो नि भाताचा घास तोंडात तसाच धरून ऱ्हातो. गिलतच नाय." गाल आत गेले. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. हा हिवाळा ते काढत नाहीत, असं आम्ही सगळेच आपसात बोलायला लागलो होतो. बाईंसमोर एकदा कुणीतरी तसं बोललं. बाई म्हणाल्या, "मग मी भांडू कुणाशी?"

त्यांनी मुलाला फोन लावला आणि अर्धा तास त्याला पडद्यांपासून पेंढ्यापर्यंत सगळं ऐकवलं. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "ठीक है आंटी, दस मिनट. लेकिन कुछ हुआ तो ज़िम्मेदारी आपकी." बाईंनी "माझी" म्हणून फोन ठेवला. मग बग्गीपाशी जाऊन प्रत्येक चेन दोन-दोनदा उघडून लावून पाहिली. त्यांना भीती वाटू शकते हे मला त्या दिवशी कळलं.

दादांसाठी त्यांनी उजव्या बाजूला वेगळी गादी शिवली, कारण लुळ्या बाजूला थंडी लागली तरी त्यांना कळणार नव्हती. त्या बाजूचं मनगट, घोटा, सगळं बाई स्वतःच्या हाताने तपासायच्या. पुरचुंडी आधी स्वतःच्या गालाला लावायच्या, मग त्यांच्या डाव्या हातात द्यायच्या. रोज सकाळी ऊन पडलं की निघायचं, नदीकडे जाताना आंब्यांपाशी थांबून मानेला तळवा लावायचा. "आली का ऊब, शेठ?" दादा मान हलवायचे किंवा नाही हलवायचे. हे बरेच दिवस चाललं. भात गिळायला लागले, एवढं हिरा सांगायची.

एका सकाळी बाई ऑफिसात आल्या आणि माझ्यासमोरचा चहा उचलून प्यायल्या. मग म्हणाल्या, "शेठ बोलले."

"काय बोलले?"

"ऊब."

मी धावत गेले. दादा बग्गीत बसले होते, दोन पाय जीन्सच्या पिशवीत, डोक्यावर माकडटोपी, आणि पुरचुंडीवर हात दाबून स्वतःशीच म्हणत होते, "ऊब. ऊब." जिभेवर घोळवून घोळवून, नवीन कापडाचा पोत बघावा तसं. जुन्या तीन भाषांतला एकही शब्द परत आला नव्हता. आला तो हा, बाईंकडून रोज ऐकलेला. दादांना पाहून मी हात जोडले, का ते मला सांगता येणार नाही.

पुढे काय झालं असेल ते उल्हासनगरच्या माणसाला चटकन कळेल. मुलाचा रविवारी फोन यायचा, हिरा फोन दादांच्या कानाला लावायची. दादा आपली कमाई त्याला ऐकवायचे, "ऊब." मुलगा हिंदीत वाढलेला, आणि हिंदीत ऊब म्हणजे कंटाळा. "ऊब गए हो, पापा?" "हां. ऊब." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. एकदा त्याने हिराला विचारलं, "इनको वहाँ बहुत ऊब होती है क्या?" हिरा आनंदाने म्हणाली, "हा तर, लय ऊब! सकाळी तर निस्ती ऊब!" मी शेजारीच उभी होते, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट वाटलं, बरं झालं, मुलाला कळलं.

त्याला कळलं ते असं, की आपला बाप तिथे कंटाळून मरायला टेकलाय आणि माणसं ते हसत सांगतायत. तो जानेवारीतल्या एका रविवारी न कळवता आला. मोठी गाडी, मागची सीट वडिलांना आडवं होता यावं म्हणून मोकळी केलेली. आधी ऑफिसात शिरला. "उनका सामान पैक करवाइए. मैं ले जा रहा हूँ. बाइसवें माले पर घर है, टीवी है, आदमी रख दूँगा, कम से कम अकेले बैठे-बैठे ऊबेंगे तो नहीं." त्याचे डोळे लाल होते, रात्रभर झोपला नसावा. मला रागही आला आणि त्याची दयाही आली. त्या बाविसाव्या मजल्यावर दादा पुन्हा खिडकीपाशी बसणार आणि पुन्हा घास तोंडात धरून ठेवणार, एवढंच मला दिसत होतं. मी काही बोलायच्या आत तो बाहेर पडला होता. मी त्याच्या मागे धावले.

बग्गी आंब्यांपाशी उभी होती. बग्गीच्या मागून, शेतांकडून वारा सुटला होता. मुलगा नुसत्या शर्टावर होता, घोटे उघडे. त्याने मागून पडदा धरला आणि जोरात ओढला. पितळी चेनचे दात तटातट निघाले. मागची सगळी बाजू उघडी पडली आणि वारा आत घुसला. दादा दचकले. बाई वळल्या आणि ओरडल्या, "अहो, शेठना बाधेल!"

"चलो पापा. घर चलते हैं."

"ऊब," दादा म्हणाले.

"हाँ पापा, मालूम है. इसीलिए आया हूँ. अब नहीं ऊबोगे."

दादा मान हलवायला लागले. "ना. ना. ऊब. ऊब." त्यांचा चेहरा लाल झाला, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली. मुलाला वाटलं ते तक्रार करतायत. बाईंना वाटलं त्यांना वारा लागतोय. मला मात्र त्या क्षणी तो शब्द मराठीत आणि हिंदीत एकदम ऐकू आला, आणि मी तोंड उघडलं तर बाईंनी हात वर करून मला गप्प केलं. त्या दादांकडे बघत होत्या.

दादांनी मान वळवून डावा हात मागे नेला. मुलाचा हात धरला. तो गारठून निळसर झाला होता. त्यांनी तो ओढत गोधडीखाली नेला, पुरचुंडीवर ठेवला आणि वरून स्वतःचा हात दाबला. मुलगा वाकून तसाच उभा राहिला. काही वेळाने दादांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं,

"आली?"

हा दुसरा शब्द. तो शब्द त्यांच्या तोंडून याआधी आमच्यापैकी कुणीच ऐकला नव्हता. बाईंनी पदर तोंडाला लावला. मुलगा मराठी शाळेत गेलेला नव्हता, पण उल्हासनगरात लहानाचा मोठा झाला होता. त्याला एवढी मराठी येत होती. त्याने पुरचुंडी मुठीत घट्ट धरली. मग म्हणाला, "आ गई, पापा. आ गई."

हात त्याने लगेच काढला नाही. काढला तेव्हा बाईंना विचारलं, "ये ठंडी यहाँ कब तक रहती है?"

"होळीपर्यंत."

"फिर होली के बाद देखेंगे," तो म्हणाला. मग फाटलेल्या पडद्याकडे बघून खाली मान घातली. "सॉरी आंटी."

"सॉरीने चेन लागत नाही," बाई म्हणाल्या. पडदा लोंबत होता आणि वारा सरळ दादांच्या पाठीवर येत होता. "आजची फेरी इथेच. शेठना घरी सोडते." दादांचं तोंड एवढंसं झालं. नदी अजून पुढे होती, ऊन आत्ता कुठे पाण्यावर आलं होतं.

मुलगा बग्गीच्या मागे गेला. पायरीवर चढला, दोन्ही हातांनी छपराचे दांडे धरले आणि फाटलेल्या जागेवर आपली पाठ लावून, वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला.

"चलाइए," तो म्हणाला.

बाईंनी आरशात बघितलं. मग रोजच्याहून हळू गाडी सोडली. मी मागून चालत निघाले. त्याचे कान लाल झाले होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि नदी येईपर्यंत तो तसूभरही बाजूला सरला नाही.